मांडवा ते रत्नागिरी सायकलने, सोबत वडील (वय ६४) – प्लॅन बघून सांगा प्लीज

पोफळीची वाडी
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मी आणि बाबा सायकलने कोकण किनारा करायचा म्हणतोय. भाऊच्या धक्क्यावरून रोरोने (गाड्या नेणारी मोठी बोट) मांडवा, मग अलिबाग, मुरुड, दिघी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, वेळास, हर्णै, दापोली, दाभोळ, गुहागर, जयगड, गणपतीपुळे आणि शेवट रत्नागिरी. मॅपवर साधारण साडेतीनशे किमी दिसतंय, म्हणून मी ४ दिवस धरलेत, रोज ९० च्या आसपास. मी गेली तीन वर्षं ठाण्यात रविवारी ५०-६० किमी करते, एकदा १०० पण केलेत, घोडबंदर रोडला. बाबा गुहागर तालुक्यात पोस्टमन होते, ३१ वर्षं सायकलवरच टपाल वाटलं, आता रिटायर होऊन चार वर्षं झाली. तब्येत ठणठणीत आहे, बीपीची एक गोळी आहे फक्त. त्यांच्या मनात खूप दिवसांपासून आहे की जी खाडी रोज बघितली ती एकदा उत्तरेकडून उतरून यायची. माझी हायब्रिड आहे, २१ गिअरची. बाबा म्हणतायत त्यांची जुनी बावीस इंची काळीच घेणार. हे जमेल का, आणि दिवस बरोबर धरलेत का, एवढं सांगा.

घाटवाट
ताई, दिवस चुकलेत, आणि थोडेथोडके नाही. घोडबंदरचे १०० आणि कोकणातले १०० ह्यांचा संबंध नाही. कोकणात किमी मोजू नका, खाड्या मोजा. म्हणजे बघा, प्रत्येक खाडीला तुम्ही वरच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, थेट समुद्रसपाटीला उतरता, पाणी ओलांडता, आणि पलीकडे परत तेवढंच चढता, आणि दोन खाड्यांच्या मधे पण प्रत्येक गाव खाली वाडीत आणि रस्ता वर सड्यावर, त्यामुळे दिवसभर खाली-वर खाली-वर चालू असतं. घाटात एकदा चढलं की संपतं, इथे संपत नाही. तुमच्या रूटवर आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा चार फेरीबोटी आहेत. प्रत्येक फेरीला थांबणं धरून पाऊण-एक तास जातो, बोट नुकतीच सुटलेली असेल तर जास्त. मी दोनदा केलाय हा रूट, वय ४१, दिवसाला ५५-६० च्या वर गेलो की दुसऱ्या दिवशी गुडघे बोलायला लागतात. ७ दिवस धरा.

जांभ्याचा चिरा
+१ घाटवाट. मी दापोलीचा. हर्णै बंदर पाण्यावर आणि दापोली साधारण २४० मीटरवर, मधे अंतर फक्त १६ किमी. आकडा बघून वाटतं काय त्यात, पण आसूदच्या वळणांवर माणूस उतरतोच, आणि मग दाभोळला जायला ते सगळं कमावलेलं परत सोडून द्यायचं. दापोलीत काही काम नसेल तर वर चढूच नका. हर्णैहून मुरुड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे असं किनाऱ्यानेच दाभोळ गाठा. चढ ह्या रस्त्यालाही आहेत, बुरोंडीच्या अलीकडचा तर चांगलाच आहे, पण वर पोचलात की परशुरामाचा मोठा पुतळा आणि खाली सगळा समुद्र, दमलेलं निघून जातं. आणि मुरुड म्हणजे महर्षी कर्व्यांचं गाव, तिथे मुक्काम कराच. (एक लक्षात असू दे, तुमच्या वाटेवर मुरुड दोन आहेत, एक जंजिऱ्याचं आणि एक आमचं. बुकिंग करताना जिल्हा बघा, लोक रायगडातलं घेऊन बसतात.)

पोफळीची वाडी
बापरे, बरं झालं विचारलं. सात दिवस म्हणजे रजा वाढवायला लागेल, बघते. घाटवाट, खाड्या मोजायचं बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले ह्या माणसाने सायकल चालवलेली आहे. पण काळ्या सायकलीचं सांगा ना कोणीतरी, ते ऐकत नाहीयेत.

दोन पायडल
मी सायकल रिपेअरिंगचं काम करतो, चिपळूणला, वडिलांपासूनचं दुकान आहे. काकांना माझा नमस्कार सांगा. काळी सायकल उत्तम, फ्रेमला काही होत नाही, पण प्रश्न चढाचा नाही, उताराचा आहे. चढाला काका उतरून ढकलतील, त्यांनी ३१ वर्षं तेच केलंय. उताराला त्या जुन्या सळईच्या ब्रेकवर, मागे सामान लादून, वेळास किंवा तवसाळकडे उतरायचं म्हणजे रबर रिमवर घासून घासून गुळगुळीत होतं आणि शेवटच्या वळणाला ब्रेक हाताला लागतच नाही. मी स्वतः असे दोन जण पट्ट्या बांधून आलेले बघितलेत. त्यामुळे गिअरवाली घ्या, नवीन नको, कोणाची तरी आठवड्यापुरती मागून घ्या, डिस्क ब्रेकची मिळाली तर फारच छान. मागच्या कॅसेटला, म्हणजे मागच्या चाकाच्या गिअर-चकत्यांच्या संचात, सगळ्यात मोठी चकती ३४ दातांची असली तर काकांना बसल्या जागी चढता येईल. टायर ३२ मिमी रुंदीच्या खाली नको, किनाऱ्याचे रस्ते मधेच गुळगुळीत आणि मधेच नुसती खडी. निघायच्या आधी निदान महिनाभर त्यांना त्या सायकलची सवय करून द्या, कारण काळ्या सायकलवर माणूस ताठ बसतो आणि ह्या सायकलवर वाकून, मान आणि मनगटं पहिल्या दोन दिवसांतच दुखतात. हँडल उंच करून घ्या. सीट मात्र त्यांची जुनीच स्प्रिंगवाली चढवा, नवीन सीटवर त्यांना बसवणार नाही.

सागरगोटा
मी मैत्रिणीसोबत मांडवा ते हरिहरेश्वर केलंय मागच्या डिसेंबरात, दोघी बायकाच होतो. वाऱ्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. शाळेत खारे वारे मतलई वारे पाठ केले होते ते तिथे अंगावर कळतात. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे हलका गार वारा असतो, दहा-अकरानंतर पडतो, तेव्हा नुसतं उकडतं, आणि दुपारी समुद्राकडून सुरू होतो. तो दुपारचा वारा बहुतेक वायव्येकडून येतो, म्हणजे तुम्ही उत्तरेकडून दक्षिणेला चाललाय तर पाठीवर नाहीतर निदान उजव्या खांद्यावर. उलटं रत्नागिरीहून मुंबईकडे यायचा विचार करत असाल तर करू नका, काशीदच्या सरळ रस्त्यावर आम्हाला समोरून येणारे तिघे भेटले ते अक्षरशः थांबून थांबून चालले होते. तुमची दिशा बरोबर आहे.

बायकांसाठी अजून एक, बाथरूमचं. मधल्या टप्प्यात सोय फारशी नाही, एसटी स्टँड आहेत पण मोठ्या गावांतच. आम्ही काय करायचो, नाश्त्याला घरगुती खानावळीतच थांबायचो, टपरीवर नाही. वीस-तीस रुपये जास्त जातात पण घरातल्या बाई आत बोलावतात, पाणी भरून देतात, आणि पुढच्या गावात कोण जेवण करतं ते पण सांगतात. पाणी कमी पिऊन वेळ मारून न्यायची नाही, दमट हवेत घाम वाळत नाही, क्रॅम्प येतात. ओआरएसची पाकिटं ठेवा, आणि जिथे मिळेल तिथे मीठ घातलेलं कोकम सरबत.

घाटवाट
सागरगोटा, वाऱ्याचं लाखातलं बोललात. वेळेचं पण बोलूया. सगळे सांगतात पहाटे पाचला निघा. जानेवारीत तिकडे सूर्य सातच्या पुढे उगवतो, म्हणजे दोन तास अंधार, रस्त्याला दिवे नाहीत, आणि गावच्या वेशीवर कुत्री. सहा-सव्वासहाला निघा, पुढे-मागे लाईट लावून, तासाभरात उजेड होतो. कुत्रं मागे लागलं तर पळवायचं नाही, उतरायचं आणि सायकल मधे धरून चालायचं, शंभरातली नव्वद तिथेच थांबतात. अकरापर्यंत दिवसाचं दोन तृतीयांश अंतर उरकायचं, मग जेवण, सावलीत पडायचं, तीननंतर उरलेलं. सव्वासहाला अंधार पडायला लागतो, साडेपाचला मुक्कामावर पाहिजेच.

खाडीपलीकडे
इथे सगळे चढ, वारा, ब्रेक लिहितायत ते बरोबरच आहे, पण फेरीबोटीचं वेळापत्रक हातात असल्याशिवाय दिवस आखू नका. मी तवसाळचा. जयगडची शेवटची बोट चुकली तर तुम्हाला रस्त्याने शास्त्री नदीला वळसा घालून जायला लागेल, ते सायकलवर त्या दिवशी होणारच नाही. आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी विचारा, तिथल्या माणसाला पहिली-शेवटची बोट तोंडपाठ असते. मोठी ओहोटी असली की गाळामुळे कधी कधी बोट उशिरा लागते. बोटीवर सायकल चढवताना गाड्या आधी जाऊ द्या आणि तुम्ही शेवटी चढा, म्हणजे उतरताना रॅम्पवर पहिले तुम्ही. पत्रा ओला आणि शेवाळलेला असतो, बसून उतरायचं नाही, हातात धरून उतरायचं. माझ्या डोळ्यासमोर एक मुलगा तिथे पडलाय, कोपर फुटलं.

मिरगाची सर
मधेच विचारते, वेळासची कासवं बघायला मिळतील का ह्यांना? मला पण जायचंय.

जांभ्याचा चिरा
जानेवारीत नाही मिळणार. ऑलिव्ह रिडले माद्या थंडीत येऊन अंडी घालतात, पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, त्यामुळे पिल्लं समुद्रात सोडताना बघायची तर मार्च धरून चला. पण मार्चमध्ये सायकल नको, ऊन सोसत नाही. वेळासला एसटीने या आणि कोणाच्या तरी घरी राहा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ मध्ये तिथे हे काम सुरू केलं, पूर्वी लोक अंडी काढून न्यायचे त्याच गावात आज घराघरात पाहुणे उतरतात. हे बघायला तरी जा.

पोफळीची वाडी
रजा मिळाली!! सात दिवस. आता असं ठरवलंय. पहिला दिवस मांडवा ते मुरुड-जंजिरा, साधारण ७०, हाच काय तो मोठा दिवस पण सपाट आहे म्हणून ठेवलाय. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून दिघी, दिवेआगर, आणि शेखाडीच्या समुद्राला चिकटून जाणाऱ्या रस्त्याने श्रीवर्धन. तिसऱ्या दिवशी हरिहरेश्वर, बागमांडला, पलीकडे वेश्वी, वेळास, केळशी. चौथा दिवस मुद्दाम छोटा, केळशी ते कर्दे, मधे आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती आणि संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव. पाचवा कर्दे ते गुहागर, सहावा वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, जयगड, मालगुंड, आणि सातवा आरे-वारेवरून रत्नागिरी. बाबांसाठी शेजारच्या दादांची डिस्कवाली सायकल मिळाली, स्प्रिंगची सीट चढवली. ते रोज ठाण्याच्या तलावपाळीला दहा फेऱ्या मारतायत. परत येताना सायकली ट्रेनमध्ये कशा घालायच्या?

दोन पायडल
रत्नागिरी स्टेशनवर पार्सल ऑफिसला तिकीट दाखवून सायकली त्याच गाडीच्या ब्रेक व्हॅनमध्ये (सामानाच्या डब्यात) लगेज म्हणून बुक करा. दोन तास आधी जा, फॉर्म भरायचा असतो. पुठ्ठ्यावर नाव, तिकीट नंबर, कुठून कुठे असं मोठ्या अक्षरात लिहून फ्रेमला सुतळीने घट्ट बांधा. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) आणि हँडल जुन्या चादरीत गुंडाळा, त्यांच्यावर काहीही रचतात. लाईट, पंप, बाटल्या काढून घ्या. नाहीतर ट्रॅव्हल्सच्या डिकीत, पुढचं चाक काढून. ते सोपं पडतं पण ड्रायव्हरला आधी फोन करून विचारा.

आणि रोज संध्याकाळी एक काम. किनाऱ्याची खारी हवा आणि सड्याची लाल धूळ मिळून चेनवर चिखल तयार होतो. फडक्याने चेन पुसा, ओली झाली असेल तर आधी गोड्या पाण्याने धुवा, सुकवा, मग एकेका कडीवर एकेक थेंब तेल, आणि वरचं जास्तीचं परत पुसून टाका. दहा मिनिटं लागतात. ट्यूब दोन जास्तीच्या घ्या, पंक्चर किट, लिव्हर, पंप, ब्रेक पॅडचा एक जोड.

पोफळीची वाडी
काल रात्री परत आलो. सविस्तर लिहिते कारण इथल्या प्रत्येकाचं काही ना काही उपयोगी पडलं.

पहिल्या दिवशी रेवदंड्याच्या पुलावर थांबलो, कुंडलिकेच्या तोंडाशी सकाळचं ऊन आणि समोर कोर्लईचा किल्ला, बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवसाचा शेखाडीचा रस्ता ह्या सगळ्या सहलीत मला सर्वात आवडला, उजव्या हाताला हात लांब केला तर पाणी लागेल इतका समुद्र. श्रीवर्धनला मात्र आधी पैसे भरलेली खोली पोचल्यावर नाही म्हणाले, मोठा ग्रुप आला म्हणे. संध्याकाळचे सहा वाजलेले, वडिलांना घेऊन मी रस्त्यावर उभी, फार राग आला. तिथल्याच एका खानावळीतल्या काकूंनी त्यांच्या पडवीतली खोली उघडून दिली आणि रात्री कुळथाचं पिठलं-भात जेवू घातला. सागरगोटा, तुमचा घरगुती खानावळीचा सल्ला तिथे कामी आला, कारण आम्ही चहाला तिथेच थांबलो होतो.

तिसऱ्या दिवशी केळशीत शिरताना माझं मागचं चाक बसलं. शिंपल्याची एवढीशी कच घुसली होती. मी नवीन ट्यूब काढली तर बाबा म्हणाले थांब, ती ठेव. बाजूच्या घरातून घमेलं मागून आणलं, पाणी भरलं, ट्यूबमध्ये हवा भरून थोडी थोडी पाण्यात दाबत गेले, एका जागी बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. तिथे अंगठा ठेवला तो काढला नाही, दुसऱ्या हाताने पुसलं, पॉलिश पेपर मारला, सोल्युशन लावून फुंकर न घालता तसंच सुकू दिलं, मग पॅच ठेवून दगडाने हलके ठोकलं. टायर उलटा करून आतून बोटं फिरवली आणि ती कच काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाले टायर तपासल्याशिवाय ट्यूब आत घालायची नाही, नाहीतर पाच मिनिटांत परत बसते. तो पॅच रत्नागिरीपर्यंत टिकला.

आंजर्ल्याच्या अलीकडच्या चढाला मी जोर करून बसूनच चढत होते, बाबा खाली उतरून चालत आले आणि वर माझ्या आधी पोचले. त्यानंतर मी पण प्रत्येक उभ्या चढाला उतरले, आणि घाटवाट म्हणतात तसे गुडघे काही बोलले नाहीत. बुरोंडीच्या आधीचा चढ दोघांनी चालतच केला.

धोपाव्याला बोटीतून उतरल्यावर बाबांनी मला पुढे जाऊ दिलं नाही, म्हणाले आता रस्ता माझा. गुहागरपर्यंत ते पुढे. प्रत्येक वाडीचं नाव, कोणाच्या घरी मुंबईहून मनीऑर्डर यायची, कोणती पाणंद पावसात बंद व्हायची, कुठल्या घरात पत्र वाचून दाखवायला लागायचं, सगळं सायकल चालवताना मागे वळून ओरडून सांगत होते. हेदवीच्या पुढे एका घरापाशी थांबले, घराला कुलूप, अंगणात गवत. तिथे जुन्या दाराला टपालाची फट होती तिच्यात बोट घालून बघितलं त्यांनी, आत हलतंय का काही म्हणून. मग टाकीतलं पाणी प्यायलो आणि निघालो.

खाडीपलीकडे, तुमच्या तवसाळच्या रॅम्पवर हातात धरूनच उतरलो. मालगुंडला केशवसुतांच्या घरी गेलो, शेवटच्या दिवशी आरे-वारेच्या वर दोन्ही किनारे एकदम दिसतात तिथे फोटो काढले, ट्रेनमध्ये सायकली नीट आल्या. माझ्या मीटरवर ३६८ किमी झाले, गावात भटकलेलं धरून. एकूण एक पंक्चर, एक ब्रेक पॅडचा जोड (बाबांचा पुढचा), ओआरएसची १४ पाकिटं.

खाडीपलीकडे
ताई, वाचून बरं वाटलं. बाबांना सांगा, ते घर कोणाचं ते मला साधारण कळलं, ती मंडळी गणपतीला येतात, तेव्हा उघडं असतं.

पोफळीची वाडी
सांगितलं. ते विचारतायत गणपतीच्या दिवसांत तवसाळची बोट पावसामुळे बंद असते का चालू. आणि पुढच्या जानेवारीत रत्नागिरी ते विजयदुर्ग करायचं म्हणतायत, तिकडे पण बोटीच आहेत का?

जांभ्याचा चिरा
तिकडे भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, तिन्ही ठिकाणी पूल आहेत, बोटीची वाट बघायला लागत नाही. पण पुलावर जाण्याआधीचा उतार आणि नंतरचा चढ आहे तसाच आहे. नवीन धागा काढा, मी लिहितो.